बेसवाल्या दादांचं बसणं

आमच्या ऑर्केस्ट्रात मी एकोणीस वर्षं ड्रम वाजवते आहे, आणि एकोणीसच्या एकोणीस वर्षं मी एका माणसाची पाठ बघत आले आहे. ती पाठ आमच्या बेसवाल्या दादांची. ऑडियन्सला त्यांचा चेहरा दिसतो, पण ऑडियन्स त्यांच्याकडे बघतो कुठे! लोक गाणाऱ्या बाईची साडी बघतात, कीबोर्डवाल्याची बोटं बघतात, आणि अगदीच काही नाही तर माझ्याकडे बोट दाखवून "अरे, लेडीज ड्रमर!" म्हणतात. एकदा माझ्या सख्ख्या जावेनं विचारलं, "ते कोपऱ्यात उभे असतात ना, ते गृहस्थ करतात काय गं?" माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी एक गाणं त्यांना गप्प करते, मग तुला कळेल काय करतात ते." त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. ठेका आणि सूर यांना एका जागी बांधून ठेवायचं काम तिचं, आणि म्हणून ड्रमवाल्याचा जीव तिच्यात अडकलेला. दादा वाजवताना डावी टाच उचलायचे, जेमतेम बोटभर. दर ठोक्याला ती खाली यायची. मी त्या टाचेवर डोळे ठेवून वाजवायचे. गाणारी भरकटली, कीबोर्डवाले मास्टर जोशात आले, लग्नातले पाहुणे स्टेजवर नाचायला चढले, तरी मला काही फरक पडायचा नाही. मला ती टाच दिसत असली की झालं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात? दिवसभर पलासियातल्या कोचिंगमधे उभी राहून पोरांना गणित शिकवणारी बाई मी, टाच बघून ताल धरते म्हणून सांगायला मला शरम वाटायची.

दादा परदेशीपुऱ्यातले, म्हणजे शहरातल्या जुन्या मिलवस्तीतले. वडील कापड मिलमध्ये होते. दादा स्वतः सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनवर होते, आणि लेथवर माणूस बसत नाही. मी एकदा विचारलं होतं, का हो बसत नाही? तर म्हणाले, "बसलेला माणूस टाइमावर मागं नाही सरकू शकत, ताई. मशीननं बाही पकडली की गेला." स्टेजवरही ते तसेच उभे असत, पाय जरासे फाकवून, वजन दोन्हीकडे सारखं. मी त्यांना दोन गाण्यांच्या मधेसुद्धा कशाला टेकलेलं पाहिलं नाही. माझ्या सासरचे लोक म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे माळव्यात आले. आता त्यांच्यातल्या एकालाही बँकेच्या लाइनीत पाच मिनिटं उभं राहवत नाही. दादांकडे बघून मला नेहमी वाटायचं, फौजेत खरं तर यांच्या घरातले गेले असतील.

मग गुडघे गेले. चौतीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! होळीनंतर उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी साफ सांगितलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि एका जागी दहा-पंधरा मिनिटांच्यावर उभं राहायचं नाही. आमचा कार्यक्रम असतो अडीच तासांचा. म्हणजे सवाल एकच उरला. दादा बसून वाजवणार, की वाजवणंच बंद?

आमची प्रॅक्टिस मास्टरांच्या घरी वरच्या खोलीत चालते. कीबोर्ड वाजवतात आणि पार्टी चालवतात ते मास्टर. दिवसा त्यांचं कूलर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान असतं. माणूस वाईट नाही, पण त्यांना दिसण्याचं फार. दादा काठी टेकत जिना चढून आले, आणि चहा व्हायच्या आधीच मास्टरांनी विषय काढला.

"देखो भिया, बुरा मत मानना. पण फ्रंट लाइनमधे कुणी बसलं ना, की पूर्ण पार्टी बीमार दिसते. आजकाल लोक ऐकायला नाही येत, व्हिडिओ काढायला येतात. तुम्ही आराम करा. बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं घेऊन घेईन."

दादांनी काठी भिंतीला टेकवली. मीच उसळले. "मी एकोणीस वर्षं बसलेलीच आहे. मी काय बीमार दिसते?"

"तुम्ही ड्रमवर आहात, मॅडम. ड्रम बसूनच वाजवतात."

"आणि तबला? सतार? पेटी? आपल्यात जो बसतो तो मोठा कलाकार. उभे राहतात ते वरातीतले बॅन्डवाले!"

"मग आपण वरातीतलेच आहोत ना," मास्टर म्हणाले, "शास्त्रीयवाले कधी झालो?"

हे काही खोटं नव्हतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. कीबोर्डवरचा बेस मी ऐकलेला आहे. ठीक असतो. सगळे सूर जागच्या जागी. पण त्या सुरांना माणूस नसतो, त्यांच्याशी भांडता येत नाही, त्यांच्यावर रेलता येत नाही. मी आवाज चढवणार इतक्यात दादा म्हणाले, "एकदा बसून बघतो तरी." आणि त्यांनी हात असलेली प्लास्टिकची खुर्ची ओढली.

ते बसले आणि सगळं बिघडलं. खुर्चीचा हात गिटारला लागत होता. गुडघे वर आले होते, मान पुढं, खांदे गोळा. बसल्यामुळे पाऊल जमिनीला सपाट चिकटलं, टाच हलेचना. दादा केसभर मागं पडले. केसभरच, पण मी लगेच चुकले, माझ्यामागं गाणारी चुकली, आणि मास्टरांनी एक भुवई वर केली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मास्टरांचं पटलं होतं. आत्ता इतकं भांडलेली मी, ड्रमच्या काठ्या हातात धरून गप्प बसले. दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिटार पेटीत ठेवली. मला अजून ती माझी चुप्पी आठवली की कसंतरी होतं.

महिनाभर दादा आले नाहीत. मी फोन केला की म्हणायचे, "चाललंय." शेवटी एका रविवारी मी स्कूटी काढली आणि परदेशीपुऱ्यात जाऊन थडकले. दार वहिनींनी उघडलं. आतून बेसचा आवाज येत होता, नुसत्या तारांचा, बिनस्पीकरचा, टुप टुप टुप. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"सकाळी सातपासून सुरू असतं बघा. आधी माझा पिठाचा डबा घेतला बसायला. तो पिचकला. मग शिलाई मशीनचं स्टूल. मग दिवाणाच्या कडेवर गाद्या घालून. घरात बसण्यासारखी एक चीज नाही सोडली. आणि पट्टी घेऊन प्रत्येकाची उंची मोजतात. वहीत लिहितात."

मी आत गेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ज्यानं हजारो गाणी वाजवलीत, तो एकाच सुरावर बसला होता. नव्या शिकणाऱ्यासारखा. उजवा हात, थांबा, उजवा हात, थांबा. मला पाहून हसले आणि वही पुढं केली. तिच्यात लेथच्या कामाचं ड्रॉइंग काढावं तसं एक स्टूल काढलेलं होतं.

"बसणं चुकीचं नाही, ताई. उंची चुकीची आहे," ते म्हणाले. "ढुंगण गुडघ्याच्या वर पाहिजे. मग मांडीला उतार मिळतो, पाठ सरळ राहते, गिटार उभ्यासारखीच लटकते. पंचवीस इंच तीन सूत. माझ्या जुन्या दोस्ताचं वर्कशॉप आहे, तो वेल्डिंग करून देतोय."

वहिनी सेव-परमलच्या, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ह्यांना स्वतःची काळजी नाही. रोज म्हणतात, ताईचं काय होईल? ती माझ्या टाचेवर वाजवते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे! गुडघा दुखायला लागल्यावरसुद्धा दोन वर्षं हा माणूस माझ्यासाठी टाच उचलत होता, आणि मी बेसच्या बाजूनं भांडले, पण वेळ आली तेव्हा गप्प बसले. इतकी लाज मला कशाचीच वाटली नसेल. मी नुसतंच परमल चिवडत राहिले.

लोखंडी स्टूल तयार झालं. दिसायला अगदी ओबडधोबड, राखाडी प्रायमर मारलेलं, पण दादा त्याच्यावर बसले की पाठ सरळ. प्रॅक्टिसमधे केसभर मागं पडणं जवळजवळ गेलं. मास्टरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ठीक है. गणपतीचा एक कार्यक्रम बघून घेऊ. जमलं तर जमलं. नाही जमलं तर दादा, मग मी डाव्या हातानं घेतो, आणि तुम्ही मनाला लावून नाही घ्यायचं." दादा म्हणाले, "मंजूर."

कार्यक्रम आमच्या जुन्या मराठी मंडळात, रविवारी संध्याकाळी पाचला. सामान दुपारीच टेम्पोनं पाठवलं, त्यात स्टूलही होतं. मंडळाच्या चिटणीसांना, हे सत्तरीचे, अतिशय सज्जन गृहस्थ, मी आधीच कळवलं होतं की आमच्या बेसवाल्यांचं ऑपरेशन झालंय, ते बसून वाजवतील. त्यांनी आनंदानं "वा वा, अवश्य!" म्हटलं होतं.

साडेचारला आम्ही पोचलो आणि मी स्टेजकडे बघतच राहिले. बरोब्बर मधोमध, सगळ्यात पुढं, गादी घातलेली. वर पांढरीशुभ्र चादर, एक सुरकुती नाही. मागं लोड, दोन्ही बाजूंना तक्के, कडेनं झेंडूची माळ, शेजारी तांब्या-भांडं. चिटणीस हात जोडून उभे. "या, या. ज्येष्ठ कलाकार आमच्या मंडळात बसून वाजवणार म्हणजे तो मान आम्ही राखायला नको? इथं आजवर जे जे बसले, ते याच गादीवर बसले."

"आणि स्टूल?" मी विचारलं.

"कुठलं? ते लोखंडी? ते मला वाटलं लाइटवाल्यांचं असेल. स्टेजवर बरं नाही दिसत म्हणून मीच टेन्ट हाउसच्या टेम्पोत परत धाडलं."

अरे देवा! हसावं की रडावं मला कळेना. चूक माझीच होती. मंडळात बसणारा कलाकार म्हटल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांपुढं दुसरं काय येणार? पन्नास वर्षं त्यांनी तेच पाहिलेलं. आणि ज्या माणसाला मांडी घालायची सक्त मनाई, त्याच्यासाठी त्यांनी सकाळपासून राबून बैठक घातलेली. मांडव-गाद्या भाड्यानं देणारा टेन्ट हाउसवाला फोन उचलेना. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या बुटक्या, हातवाल्या. मास्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "राहू द्या, मॅडम. मी घेऊन घेतो." त्यांच्या आवाजात खुशी नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे.

मी चिटणीसांना काहीतरी लागेल असं बोलणार होते. दादांनी माझ्या हातावर हात ठेवला. ते गादीपाशी गेले, वाकता येत होतं तेवढं वाकले आणि चादरीला हात लावून तो कपाळाला लावला. मग बेसची रिकामी पेटी उचलून लोडाला टेकवून गादीवर ठेवली. "इतकी सुंदर बैठक कुणी माझ्यासाठी घातली नव्हती, साहेब. गुडघा नाही म्हणतो. आज माझ्या वाद्याची पेटी बसेल तिथं." चिटणीसांचे डोळे भरून आले. त्यांना चूक कळली, पण अपमान झाला नाही. हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

आणि दादा उभे राहिले, जुन्या जागी, पाय फाकवून.

पहिलं गाणं झकास गेलं. दुसरंही. टाच वर, टाच खाली. तिसऱ्यात मला दिसलं की सगळं वजन डाव्या पायावर आलंय आणि टाच उचलायला डाव्या पायात जागाच उरली नाहीय. तरी ते उचलत होते. पॅन्टची उजवी बाजू थरथरत होती. ऑडियन्समधे कुणाला काही कळत नव्हतं, पुढच्या रांगेतल्या आज्या मजेत माना डोलवत होत्या. मास्टरांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या टोकाला सरकला. तयारीत.

तिसरं गाणं संपलं तशी मी उठले. माझं ड्रमचं स्टूल उचललं, पुढं आले आणि दादांच्या मागं ठेवलं. म्हटलं, "बसा."

"आणि तुम्ही?"

"मी उभी राहते. दिवसभर पोरांसमोर उभीच असते, मरत नाही मी."

ड्रमच्या स्टुलाला मधे स्क्रू असतो, फिरवला की बैठक वर जाते. दादा बसायच्या आधी शांतपणे ती फिरवायला लागले. भरलेला हॉल थांबलेला, मास्टर माइकवर काहीबाही बोलून वेळ मारून नेतायत, आणि हे वीतभर हात लावून मोजतायत, परत फिरवतायत. शेवटी म्हणाले, "आटे झिजलेत हो तुमचे. आणि दोन सूत कमी पडतायत. पण चालेल." दोन सूत म्हणजे पाव इंच! मला इतकं हसू आलं की भीतीच पळाली.

उभं राहून ड्रम वाजवणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. डाव्या पायावर अख्खं शरीर, उजवा पाय पेडलवर, आणि पुढं वाकून वाकून कंबरेचा खुर्दा. लोक आधी हसले. मग एक आजी टाळ्या वाजवायला लागल्या. मी दादांच्या पायाकडे पाहिलं तर पाय शांत. टाच नाही. चौथं गाणं मी चाचपडतच वाजवलं. पाचव्यात नाइलाजानं डोळे मिटले आणि ऐकायला लागले. काय वाजवत होता तो माणूस! एकेक सूर कसा, जेवढा हवा तेवढाच, आणि गाणारीचा श्वास संपतो तिथं बरोब्बर तिला हात देणारा. हे सगळं ते एकोणीस वर्षं वाजवत होते आणि मी गाढवासारखी टाच बघत बसले होते. मी रडत रडत वाजवलं. घाम पुसतेय असं दाखवत होते, पण रडत होते.

अडीच तास झाले. आमच्या मंडळाची पद्धत अशी की शेवट आरतीनं होतो, आणि ती कलाकारांनीच वाजवायची. तबक पेटलं. सगळा हॉल उठून उभा राहिला, काठ्यांवाले, वॉकरवालेसुद्धा. दादाही उठायला गेले. ऑपरेशनचा गुडघा आखडलेला. एकदा जोर लावला, नाही जमलं. दुसऱ्यांदा लावला, स्टूल डगमगलं. देवासमोर सगळे उभे आणि आपण बसलेले, हे त्यांना सोसेना. एकोणीस वर्षांत कार्यक्रम चालू असताना हा माणूस कधी मागं वळला नव्हता. तो वळला. चेहरा पांढरा पडलेला. कुणाला विचारावं हे न कळून त्यांनी मलाच विचारलं, "ताई, बसू का?"

माझे पाय तोवर लटलट कापत होते. मी म्हटलं, "बसा हो, दादा. आम्ही आहोत ना उभे."

ते पुढं वळले आणि पाठ सरळ केली. मास्टरांनी बेससाठी तयारीत ठेवलेला डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि पाठीमागं घेतला. मग दादांनी आरती धरली.